पाण्याखालची हिरवळ : टाक्यापासून काचपेटीपर्यंत



व्याख्यानमालेचा विषय म्हटला की लोकांना राज्ये, लढाया, संत, सुधारक अपेक्षित असतात. आजचा आपला विषय फूट-दीड फूट लांबीच्या काचपेटीत मावतो. घरातल्या छोट्या अ‍ॅक्वेरियममध्ये, पुढच्या भागात, गालिचा पसरावा तशी बोटभर उंचीची हिरवळ वाढवतात. मागे दगड, एखादं वाळलेलं मूळ, उंच पानं, आणि पुढे ही हिरवळ. तिची छायाचित्रं आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिली असतील. तालुक्याच्या गावांतही आता अशा पेट्या दिसू लागल्या आहेत. तरुण मुलं ती हिरवळ वाढवण्यासाठी झटतात, आणि दहातल्या आठांची तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडते असं ती स्वतःच सांगतात.

आपण आज तीन प्रश्न घेऊ. एक, ही हिरवळ आली कुठून? दोन, ती पेटीच्या पुढच्या भागातच का असते? आणि तीन, ज्या मानोरा तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचा हिशोब हंड्यांनी होतो, तिथे या विषयावर तासभर बोलणं शोभतं का? तिसऱ्या प्रश्नापासून आपण पळ काढणार नाही. पण तिथे पोचायला आधीचे दोन ओलांडावे लागतील.

शब्दापासून सुरुवात

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांना एक सवय असते. वस्तूकडे जाण्याआधी आम्ही शब्दाकडे जातो. ‘फिश टँक’ हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो. पण इंग्रजांनी ‘टँक’ हा शब्द सतराव्या शतकात हिंदुस्थानात उचलला, आणि त्यांनी तो वापरला तो इथल्या तलावांसाठी आणि कुंडांसाठी. गुजरातीत ‘टांकुं’, मराठीत ‘टाकें’. पोर्तुगीजांकडे ‘तांके’ असा मिळताजुळता शब्द होता, त्यामुळे मूळ नेमकं कुणाचं यावर भाषातज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही प्रवाह एकत्र झाले असावेत असं बहुतेक जण मानतात. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्याआधी कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. तिथल्या कोरीव लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि ती कुणी दान दिली तेही लिहून ठेवलं आहे. पाण्याचं टाकं ही दान देण्याजोगी, नाव कोरण्याजोगी गोष्ट होती.

तर टाक्याचा टँक झाला, टँकचा फिश टँक झाला. आणि त्याच टँकचा टँकर होऊन तो एप्रिल-मे महिन्यात आपल्या गावाच्या वेशीवर येऊन उभा राहतो. शब्द जगभर फिरून घरी आला, तो रिकामे हंडे भरायला. ही गोष्ट लक्षात असू द्या.

वरून पाहिलेलं पाणी

आता दुसरा प्रश्न. हिरवळ पुढेच का?

पाण्यातले मासे हौसेनं पाहणं हे जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. कोणते मासे, त्यांना खाऊ काय घालायचं, गळ कसा टाकायचा, सगळं तपशिलानं दिलं आहे. तिकडे चीनमध्ये शतकानुशतकं सोनमासे पाळले गेले, मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत.

पण या सगळ्यांत पाहणारा माणूस वर आहे आणि पाणी खाली. चिनी सोनमाशांची पैदासही वरून चांगले दिसतील अशीच केली गेली. वरून पाहिलं की पाण्याला पृष्ठभाग असतो, खोली असते, तळ असतो. पुढची बाजू आणि मागची बाजू नसते. ‘पुढचा भाग’ ही कल्पना चित्रकाराची आहे. जमीन पुढे, झाडं मध्ये, डोंगर मागे. पाणी असं चित्रासारखं पाहायचं, तर माणसाला पाण्याच्या शेजारी, त्याच्या पातळीवर यायला हवं, आणि मध्ये पारदर्शक भिंत हवी. ती भिंत म्हणजे काच. म्हणजे पाण्याखालची हिरवळ दिसायला लागण्यासाठी आधी काच स्वस्त व्हावी लागली. वनस्पती लाखो वर्षं होती. तिच्याकडे समोरून पाहणारा डोळा नव्हता.

काचेच्या आत काय चालतं

हा डोळा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झाला. त्याआधी एक पाया घातला गेला होता. यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं १७७९ साली प्रसिद्ध केलं की वनस्पती हवा शुद्ध करतात, पण फक्त उजेडात, आणि फक्त हिरव्या भागांनी. हे त्यानं पाहिलं कसं? पानं पाण्यात बुडवून. पाण्याबाहेर वायू दिसत नाही, पाण्यात त्याचे बुडबुडे दिसतात. ऑक्सिजन डोळ्यांना दिसावा म्हणून पान पाण्याखाली घालावं लागलं. आजही हौशी माणसं आपल्या हिरवळीवर चढणारे बुडबुडे पाहून खूश होतात. त्यांना माहीत नसतं, पण ती इंगेनहाउझचाच प्रयोग पाहत असतात.

पुढे १८२९ साली लंडनच्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरनं बंद बाटलीत ओल्या मातीवर एका पतंगाचा कोष ठेवला होता. पतंगाऐवजी मातीतून एक नेचा आणि गवत उगवलं, आणि बाटली बंद असूनही जगलं. त्यातून वॉर्डची काचपेटी निघाली. या पेट्यांनी जगाचा इतिहास बदलला. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून.

मग रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ आला. त्यानं काचेच्या भांड्यात दोन सोनमासे ठेवले आणि व्हॅलिसनेरियाचं रोप लावलं. पट्टीसारखी लांब पानं असलेली ही वनस्पती आपल्याकडच्या तलावांतही वाढते. काही दिवसांनी जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. तेव्हा त्यानं डबक्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, माशांच्या विष्ठेवर रोप वाढलं. हे सगळं त्यानं १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. प्राणी आणि वनस्पती यांचा समतोल, असा त्याचा मुद्दा होता.

तीन वर्षांत, १८५३मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचं पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर गेला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे मध्यमवर्गाला काच परवडत होती. दिवाणखान्यात पेट्या आल्या. दहा-पंधरा वर्षांत ती लाट ओसरलीही.

पण ‘समतोल’ हा शब्द मागे राहिला, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं तो तपासण्याजोगा आहे. वॉरिंग्टनच्या पेटीकडे पाहिलं की वाटतं, हे एक स्वयंपूर्ण जग आहे. खरं म्हणजे तसं नाही. सूर्यप्रकाश बाहेरून येतो. पाण्याच्या पृष्ठभागातून वायूंची ये-जा चालू असते. पाणी उडतं, ते कुणीतरी ओततं. आपल्या वेदान्तात घटाकाश आणि महाकाश यांचा दृष्टान्त आहे. घटातलं आकाश वेगळं वाटतं, ते घटाच्या भिंतीमुळे. भिंत ही आपल्या पाहण्याची सोय आहे, आकाशाचा तुकडा झालेला नसतो. काचपेटीचंही तसंच. हे ज्याला उमगलं त्याची हिरवळ वाढते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. का, ते पुढे येईल.

आपल्याकडे

हिंदुस्थानात पाणवनस्पतीवर मोठं काम केलं ते जगदीशचंद्र बोस यांनी. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक १९२४ साली आलं. त्यातल्या प्रयोगांसाठी त्यांनी हायड्रिला ही आपल्या तळ्यांत सर्वत्र वाढणारी वनस्पती घेतली, आणि तिच्यातून निघणारा ऑक्सिजन आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं. शाळेत आपण सगळ्यांनी चोचपात्रात पाणी घेऊन, हायड्रिलावर नरसाळं उलटं ठेवून, वर परीक्षानळी पालथी घालून प्रयोग केला आहे किंवा निदान त्याची आकृती काढली आहे. ती आकृती म्हणजे खरं तर वनस्पतींची काचपेटीच.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. विदर्भातून मुंबईला गेलेल्या कुटुंबाच्या यादीत राणीची बाग, गेट वे आणि तारापोरवाला असायचंच. मासे समोरून, डोळ्याला डोळा लावून पाहायचे असतात हे अनेक मराठी घरांना तिथे कळलं. पण तिथे लोक मासेच पाहायला जात. वनस्पती मागची सजावट होती. वनस्पतीलाच नायिका करण्याचं काम दुसरीकडे झालं.

हॉलंड आणि जपान

ते आधी हॉलंडमध्ये झालं. १९३०च्या दशकापासून तिथल्या हौशी मंडळांनी वनस्पतींच्या मांडणीचे नियम बांधले. त्यांची पेटी म्हणजे फुलबाग. रांगा, पायऱ्या, लाल पानांशेजारी हिरवी पानं, बारीक पानांशेजारी रुंद. पुढे बुटकी रोपं असत, पण वाफ्यासारखी. सलग माळरान नव्हतं.

सलग माळरान आणलं ते ताकाशी अमानो या जपानी माणसानं. जन्म १९५४, निगाता प्रांतातला. तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू, नंतर निसर्गाचा छायाचित्रकार. १९८२ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली. जंगलात, डोंगरात मोठा कॅमेरा घेऊन फिरणारा हा माणूस पेटीकडे बाग म्हणून पाहत नव्हता, भूदृश्य म्हणून पाहत होता. त्याला पुढे गवताचा उतार हवा होता, मागे खडक. त्यासाठी त्यानं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ग्लॉसोस्टिग्मा ही वनस्पती घेतली. जिभेसारखी इवलीशी पानं, आडवे धावणारे देठ, पेरापेराला मुळं. आपल्या हरळीचा स्वभाव. भरपूर उजेड आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड दिला, तर ती जमिनीला चिकटून पसरते. उजेड कमी पडला, की मान उंच करून वर धावते आणि गालिच्याचं झुडूप होतं.

१९९२ साली त्याचं छायाचित्रांचं पुस्तक आलं, दोन वर्षांत इंग्रजीत गेलं, आणि जगभर लोकांनी पेटीच्या पुढच्या भागात हिरवळ लावायला घेतली. २००१पासून त्याच्या संस्थेनं अशा मांडण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. मग क्युबातून हेमिअँथस नावाची त्याहून बारीक, डाळीच्या दाण्यापेक्षा लहान पानांची वनस्पती आली. केसासारखी इलिओकॅरिस आली. अमानोची शेवटची मोठी रचना लिस्बनच्या मत्स्यालयात आहे, चाळीस मीटर लांबीची. ती २०१५मध्ये खुली झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमानो गेला.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७९०च्या ग्रंथात असा विचार मांडला, की कला ही कला आहे हे आपल्याला ठाऊक असावं, तरी ती निसर्गासारखी दिसावी. अमानोची पेटी या विचाराची परीक्षाच घेते. दिसायला निसर्ग. मागे गॅसचा सिलिंडर, दिवे, टायमर, गाळणी, आणि दर आठवड्याला कात्री. एक महिना कुणी हात लावला नाही तर तो निसर्ग उरत नाही. मग हे ढोंग आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. शेताकडे पाहा. शेतही दिसायला हिरवं आणि चालायला श्रमाचं. श्रम लपवले तर ढोंग. श्रम ओळखून पाहिलं तर ती कला, किंवा शेती.

मूळ ठिकाण : काठ

आता पहिला प्रश्न. ही हिरवळ आली कुठून?

या वनस्पतींपैकी जवळजवळ कुणीही खोल पाण्यातली नाही. त्या काठावरच्या आहेत. पावसाळ्यात बुडायचं, पाणी ओसरलं की चिखलावर पसरायचं, ऊन लागलं की फुलायचं, बी टाकायचं, आणि मरायचं किंवा मुळांत दडून बसायचं. पाण्याखाली असणं हा त्यांच्या वर्षातला एक ऋतू आहे, कायमचा पत्ता नव्हे.

आणि हे काठ आपल्याकडेही आहेत. ग्लॉसोस्टिग्माची एक जात भारतात तळ्यांच्या काठच्या चिखलात वाढते. चार पानांची मार्सिलिया, संस्कृतातली सुनिषण्णक, भाताच्या खाचरात आणि डबक्याच्या कडेला सापडते. गवतासारखी दिसणारी युट्रिक्युलेरिया परदेशी दुकानात महाग विकली जाते. ती आशियातली, भारतातलीही. तिच्या कुळातल्या बहिणींना आपण साताऱ्याच्या कास पठारावर ‘सीतेची आसवं’ म्हणतो. कासचे पांढरे ‘गेंद’, म्हणजे इरिओकॉलॉन, त्याच्या भाऊबंदांनाही काचपेटीत मोठी मागणी असते. कासला काय असतं? कातळावर वीतभरही माती नाही, चार महिने साचलेलं पाणी, मग कडक ऊन. हजारो लोक गाड्या करून जी हिरवळ आणि फुलं पाहायला जातात, ती काठाची जीवनशैली आहे.

इथेच तिसऱ्या आठवड्यात पिवळं पडण्याचं कारण सापडतं. रोपवाटिकेत ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतून त्यांना कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो. पाण्यात हाच वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. नुसत्या उघड्या ठेवलेल्या पाण्यात तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो. हौशी लोक तो वीस ते तीस मिलिग्रॅमवर नेतात. हायड्रिलासारखी पक्की पाणवनस्पती वायू संपला तर पाण्यातल्या बायकार्बोनेटवर भागवते, आणि टंचाईत आपली रसायनप्रक्रिया बदलून ज्वारी-उसासारखी काटकसरी पद्धत उचलते. काठावरच्या बहुतेक वनस्पतींकडे ही कला नाही. त्यांना टंचाईची सवय नसते, कारण त्यांच्या जन्मगावी पाणी वेळेवर ओसरतं. आपण त्यांना बारमाही बुडवतो आणि वर म्हणतो, रोप खराब होतं.

एक चिठ्ठी

मध्येच एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, हे सगळं ठीक, पण मानोऱ्यात, बोअरच्या पाण्यात, पंचेचाळीस डिग्रीत हे वाढवायचं कसं?’ प्रश्न रास्त आहे. थोडक्यात सांगू.

आपल्या पायाखाली बेसॉल्टचा कातळ आहे. त्यातून आलेलं विहिरीचं, बोअरचं पाणी बहुधा जड असतं. भांड्यावर पांढरा थर बसतो ना, तेच. अशा पाण्यात नाजूक जातींचा हट्ट धरू नये. मार्सिलिया, इलिओकॅरिस, बुटकी सॅजिटेरिया या सोसतात. पावसाचं पाणी, कौलावरचा पहिला धुवा सोडून, साठवता आलं तर बोअरच्या पाण्यात मिसळावं. आपली काळी माती पेटीत तशीच घालू नये. ती फुगते, चिकट होते, ढवळली की आठवडाभर पाणी बसत नाही. बागेतली साधी माती इंचभर, तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली रेती इंचभर. मातीवर रेतीचं झाकण ही पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टड यांनी १९९९च्या पुस्तकात नीट मांडली. तीत सिलिंडरची गरज पडत नाही, मात्र हिरवळ सावकाश येते.

रोपाचा गड्डा तसाच खोचू नये. चार-पाच पानांचे तुकडे करून चिमट्यानं दोन-दोन सेंटिमीटरवर लावावेत. भाताची लावणी पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं : पहिला दीड-दोन महिना पाणी भरूच नये. रेती ओली ठेवावी, वर प्लॅस्टिकचा कागद ताणावा, दिवसाआड थोडी हवा द्यावी, दिवा आठ-दहा तास. मुळं धरली, गालिचा मिळून आला, की मग हळूहळू पाणी भरावं. हल्ली याला ‘ड्राय स्टार्ट’ म्हणतात. खरं तर हा काठाचा ऋतुक्रम आहे. आधी चिखल, मग पूर. वॉर्डची बाटली आणि पावसाळा यांचं लग्न.

साखर आणि यीस्ट बाटलीत घालून घरी वायू करता येतो, पण त्यावर ताबा नसतो. रात्री रोपंही ऑक्सिजनच घेतात. तेव्हा वायू चालू राहिला तर सकाळी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. उन्हाळ्यात पेटी खिडकीपासून दूर, वर छोटा पंखा. लोडशेडिंग असेल तर मासे कमी ठेवावेत. हिरवळीला चार मासे पुरतात.

काठ कुणाच्या हिशोबात आहे?

आता तिसरा प्रश्न. शोभतं का?

आधी सरळ हिशोब. तीस लिटरच्या पेटीतलं दहा लिटर पाणी आठवड्याला बदलतात. ते तुळशीला, कुंडीतल्या मिरचीला घातलं तर वाया जात नाही, उलट त्यात खत असतं. घरात प्यायला पाणी नसेल तर पेटी ठेवू नये. हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही.

पण खरा मुद्दा दुसरा आहे. आपण पाणी कशानं मोजतो? घनमीटरनं. तलाव किती भरला, टक्के किती. या मोजणीत खोली येते, साठा येतो. काठ येत नाही. उभ्या भिंतीचं, तळाला प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं संरक्षित पाणी देतं. कोरडवाहू शेतकऱ्याला ते लाख मोलाचं आहे. त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार आम्हा पेन्शनवाल्यांना नाही. २०१६ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना असो, २०१७ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ असो, गरजेतून आल्या. आमचं म्हणणं एवढंच, की तलाव खोल करताना एका बाजूला उतरता, उथळ काठ राहू द्यावा. भिंती सगळीकडून उभ्या कापल्या, तर साठा मिळतो आणि तळं जातं.

मानोरा तालुक्याला हे नव्यानं सांगायला नको. पोहरादेवी इथेच आहे. बंजारा समाजाची काशी. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर चालायचे. त्यांच्या वाटांवर पाणी लागायचं. मध्य प्रदेशातल्या सागरच्या तलावाशी तर लाखा बंजाऱ्याचं नाव लोककथेनं कायमचं जोडलं आहे. बैलाला पाणी प्यायला उतरता काठ लागतो. उभ्या भिंतीच्या टाक्यात बैल उतरत नाही. ज्या काठावर बैल उतरतो, त्याच काठावर मार्सिलिया पसरते, बगळा उभा राहतो, मासा अंडी घालतो.

आणि पूर्व विदर्भात याचा पुरावा आहे. भंडारा-गोंदियात गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले हजारो तलाव आहेत. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गेल्या काही दशकांत तिथले स्थानिक मासे घटले. बेशरमच्या झुडपांनी काठ व्यापले, बाहेरून सोडलेल्या माशांच्या जातींनी पाण्यातली वनस्पती संपवली. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढीवर समाजातल्या मच्छीमारांबरोबर बसून विचारलं, पूर्वी तळ्यात काय होतं? त्या लोकांना प्रत्येक वनस्पती नावानं ठाऊक होती, आणि कोणता मासा कुठे अंडी घालतो हेही. मग बेशरम काढली, आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कुमुदिनी यांसारख्या वनस्पती हातानं परत लावल्या. या कामात ढीवर स्त्रिया पुढे होत्या. मासे परतले.

म्हणजे पाहा. वॉरिंग्टननं लंडनमध्ये काचेच्या भांड्यात लावलं ते व्हॅलिसनेरिया, आणि गोंदियाच्या चिखलात बायांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून लावलं तेही व्हॅलिसनेरिया. पहिल्यातून अ‍ॅक्वेरियमचा इतिहास सुरू झाला. दुसरं जगातलं फार मोठं, फार जुनं ‘प्लँटेड टँक’ आहे. टँक हा शब्द तर मुळात त्याच्यासाठीच होता. पण पहिल्याचं नाव पुस्तकांत आहे.

एक इशारा देऊन संपवू. पेटीतली हिरवळ कापली की उरलेले तुकडे नाल्यात, विहिरीत, तलावात टाकू नका. आपली सोज्ज्वळ हायड्रिला अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात गेली आणि तिथले तलाव, कालवे तिनं गिळले. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेली जलपर्णी आपल्या नद्यांचं काय करते ते आपण पाहतोच. एका ठिकाणची हिरवळ दुसऱ्या ठिकाणी आग असू शकते. तुकडे उन्हात वाळवा, मग खतात घाला. तसंच कासवरून किंवा कुठल्याही पठारावरून रोप उपटून आणू नका. टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. ही रोपंही आता तशाच डब्यांत मिळतात.

तर शोभतं का? आमचं उत्तर असं. काचपेटीतली हिरवळ ही पाण्याची चैन असेल, तर शोभत नाही. पण जो मुलगा फूटभर पेटीत ती वाढवायला शिकतो, त्याला तीन महिन्यांत कळतं की पाणी म्हणजे नुसता साठा नव्हे. त्याला उजेड लागतो, माती लागते, ऋतू लागतो, आणि मुख्य म्हणजे ओसरायला जागा लागते. हा मुलगा उद्या ग्रामसभेत बसेल. तलावाचा आराखडा पुढे येईल. तेव्हा त्यानं एवढंच विचारावं, ‘यात काठ कुठे आहे?’